भाडेकरू, तोतये आणि इतर सभ्य गुन्हेगार

लंडनच्या ईलिंग स्टुडिओने १९५५ साली ‘द लेडीकिलर्स’ नावाचा चित्रपट काढला. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या एका घरात मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा एकटी राहते. प्रोफेसर मार्कस म्हणवणारा एक गृहस्थ तिच्याकडे भाड्याने राहायला येतो आणि चार मित्रांसह तिथे वाद्यांचा सराव करायची परवानगी मागतो. पाचही जण दरोडेखोर असतात. ग्रामोफोनवर बोकेरिनीची तबकडी लावून ते लुटीचा बेत आखतात आणि म्हातारी चहाचे विचारायला आली, की पळापळ करून व्हायोलिन-चेलो सावरत तिच्यापुढे अदबीने उभे राहतात. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९८८मध्ये, सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. इथेही घरमालकीण वयस्कच, लीलाबाई काळभोर (नयनतारा). जागा द्यायची ती जोडप्यांनाच, हा त्यांचा दंडक. चार ब्रह्मचाऱ्यांना जागेची निकड. मग दोघे लुगडी नेसून उरलेल्या दोघांच्या बायका होतात. या दोन चित्रपटांत उसनवारीचा संबंध नाही. मराठी चित्रपटाचा धागा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाकडे जातो. तरीही दोन्हीकडे गुन्हा घडतो तो खोलीच्या दाराशी, भाडेकरूच्या तोंडी असलेल्या गोड बोलण्यातून, आणि दोन्हीकडे भीती असते ती पोलिसांची कमी, म्हातारीच्या नजरेतून उतरण्याची जास्त. या पुस्तकातल्या लेखांचा विषय तिथे सुरू होतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गुन्ह्यावरचा चांगला विनोद गुन्हेगाराच्या धांदरटपणातून येत नाही. तो येतो गुन्हा करूनही सभ्य राहण्याच्या त्याच्या अट्टहासातून. ज्याला लोक काय म्हणतील याची पर्वा नाही, असा गुन्हेगार भयानक असेल, करुण असेल, विनोदी मात्र क्वचितच होईल. म्हणून हा विनोद तिथेच फळतो, जिथे अब्रूचा धाक कायद्याच्या धाकाहून मोठा असतो. युद्धानंतरचे मध्यमवर्गीय इंग्लंड ही तशी एक जागा होती, आणि विसाव्या शतकातले पेठांचे पुणे ही दुसरी. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘बनवाबनवी’ला गुन्हेगारीपट म्हणायचे तरी कसे? त्यात ना खून, ना दरोडा. पण तोतयेगिरी करून फसवणूक हा भारतीय दंड संहितेत ४१९ कलमाखालचा गुन्हा होता, आणि त्याच्या शेजारचे ४२० कलम तर मराठी माणसाने कधीच घरच्या बोलण्यात आणून बसवले आहे. खोटी ओळख सांगून जागा मिळवायची, खोटे नाते सांगून विश्वास मिळवायचा, तो विश्वास महिनोन् महिने वापरायचा, ही सगळी ठकसेनाची कामे. ती करणारे आपल्याला इतके आवडतात की ठक हा शब्दच त्यांना लागू पडत नाही, असे आपण धरून चालतो. चित्रपटाचे यश तिथेच आहे.

त्यातला सत्तर रुपयांचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. धनंजय माने (अशोक सराफ) विश्वासराव सरपोतदारांकडे (सुधीर जोशी) भाड्याने राहतात. मधुमेहावरच्या परदेशी औषधासाठी म्हणून त्यांनी घरमालकाकडून सत्तर रुपये घेतलेले असतात. पैशांचा विषय निघतो, तेव्हा माने बातमी देतात की औषध आणणारे गृहस्थच वारले. आणि त्यांच्याबरोबर ते सत्तर रुपयेही वारले. हा संवाद आता चहाच्या टपरीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे म्हटला जातो, पण म्हणणारे बहुधा तो हसत म्हणतात. सराफ तो हसत म्हणत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर शोकसमाचाराला आलेल्या माणसाचे गांभीर्य असते. सरपोतदारांची कोंडी होते ती याच गांभीर्याने. समोरच्याने मृत्यूची वार्ता दिल्यावर पैशांची घासाघीस कोण सभ्य माणूस करील? म्हणजे फसवणुकीचे हत्यार फसवणाऱ्याच्या हातात नसतेच. ते फसणाऱ्याच्या संस्कारात असते. संवादलेखक वसंत सबनीस यांना हे नेमके ठाऊक होते. सरपोतदार मूर्ख नाहीत. ते संशयी आहेत, हिशेबी आहेत. ते हरतात ते केवळ चार माणसांसारखे वागल्यामुळे.

हेच सूत्र मोठ्या आकारात पाहायचे तर चित्रपटगृहातून नाट्यगृहात जावे लागते. १९४९च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये ॲलेक गिनेस यांनी एकट्याने एका सरदार घराण्यातल्या आठ व्यक्ती साकारल्या. सरदारकी मिळवण्यासाठी एक तरुण नातेवाईक त्यांचा काटा काढत सुटतो. १९६२च्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर यांनी एकट्याने पाच भूमिका केल्या: निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज. प्रवेशबदल झपाट्याने करता यावा म्हणून फिरता रंगमंच वापरला गेला. नाटकाला आधार होता माधव काझी नावाच्या ठकाच्या खऱ्या खटल्याचा. बहुरूपी नटाचा पराक्रम म्हणून या दोन कामांची तुलना कोणीही करील, पण त्यांतला फरक अधिक बोलका आहे. इंग्रजी चित्रपटात बळींना एकच चेहरा आहे. मराठी नाटकात गुन्हेगाराला अनेक चेहरे आहेत. सगळे सरदार शेवटी एकाच साच्यातून निघालेले, हे हसू इंग्रजांना त्यांच्या वर्गव्यवस्थेने दिले. अत्र्यांचे हसू दुसरीकडे वळते. त्यांचा ठक प्रत्येक घरी त्या घराला मान्य असलेले सोंग घेऊन जातो. कुठे चांगले आडनाव, कुठे लष्करी हुद्दा, कुठे शास्त्रीबुवांची विद्वत्ता, कुठे महाराजांचा अधिकार. कॅप्टनसाहेबांना पलटणीचे नाव विचारणे किंवा शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत चौकशीला माणूस पाठवणे हा शिष्टाचाराचा भंग ठरला असता. आडनाव, गणवेश आणि वेश यांवर डोळे मिटून ठेवलेला विश्वास हेच त्या घरांचे उघडे दार होते.

सभ्यतेचा हा धाक हवेत तयार होत नाही. त्याला टंचाईची जमीन लागते. ‘द लेडीकिलर्स’मधले घर बॉम्बवर्षावाने खचलेले आहे, इतके की भिंतीवरच्या तसबिरी सरळ राहत नाहीत. ब्रिटनमधले रेशनिंग १९५४पर्यंत चालू होते. पुण्यात युद्धाचे बॉम्ब पडले नाहीत, पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली घरे वाहून गेली. त्याआधीच १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली होती आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य करून ठेवले होते. भाडेकरूला संरक्षण हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. परिणाम मात्र असा झाला, की एकदा आत आलेला माणूस पिढ्यान् पिढ्या निघत नाही हे कळून चुकलेला मालक दारातच उलटतपासणी घेऊ लागला. गाव कोणते, नोकरी कुठे, लग्न झाले का, पाहुणे किती येतात. घरमालकाच्या अटी हा पुणेरी थट्टेचा विषय झाला, पण त्या अटींमागे कायदा होता, नुसता खवटपणा नव्हता. अशा उलटतपासणीला खरे उत्तर देणारा ब्रह्मचारी फुटपाथवर राहणार, आणि खोटे बोलणारा माडीवर. ‘बनवाबनवी’ या कायद्याबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना त्याबद्दल सांगायची गरजच नव्हती. सचिन यांच्याच ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) या चित्रपटात ही टंचाई आणखी एक पाऊल पुढे जाते. धनिक मालक परदेशी गेला की त्याच्या बंद बंगल्यात गोपूकाका (पुन्हा अशोक सराफ) मुक्कामाला येतो. कायद्याच्या भाषेत ही घुसखोरी. पडद्यावर मात्र गोपूकाका त्या घरातला सर्वांत व्यवस्थित, सर्वांत जबाबदार माणूस वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे चित्रपट उसने आहेत, मग त्यांच्या मराठीपणाचे गोडवे कशाला? उसने आहेत, हे खरेच आहे, आणि ती उधारी विलायतेपर्यंत पोचते. अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ (१८९२) या इंग्रजी नाटकावरून आले. ऐंशीच्या दशकात विजय चव्हाण यांनी ती मावशी पुन्हा घरोघरी पोचवली. पण लुगडे नेसलेला पुरुष इंग्रजी रंगमंचावर मुळातच हास्यास्पद असतो. मराठी रंगमंचावर तसे नव्हते. ज्या प्रेक्षकाच्या आजोबांनी बालगंधर्वांचे शालू आणि चालणे डोळे भरून पाहिले होते, त्याला पुरुषाने बाई होणे अशक्यही वाटत नव्हते आणि ओंगळही. म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा यांच्याकडे आपण दोन मापांनी पाहतो: सोंग उघडे पडेल का, आणि सोंग चांगले वठले का? दुसरे माप इंग्रजी प्रेक्षकाकडे त्या प्रमाणात नसते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) घ्या. बाहुल्यात शिरलेल्या खुन्याची कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाची. मराठीत येताना त्या खुन्याचे नाव झाले तात्या विंचू. नावातल्या तात्यानेच अर्धे काम केले. कुटुंबात ज्या हाकेने वडीलधाऱ्याला बोलवायचे, ती हाक गुंडाला लागली. त्यात दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांची, वडिलांपासून चालत आलेली कला. मूळ चित्रपटातला बाहुला भीती घालतो; आपला तात्या मानापमानाचा हिशेब ठेवतो. उसने बी इथल्या मातीत वेगळे उगवले. याहून जास्त दावा मी करणार नाही, आणि ‘झपाटलेला’ची पटकथा उत्तरार्धात पसरट होते हेही लपवणार नाही.

या विनोदाला लागणारा नट कोणत्या जातीचा, हा प्रश्न आता घ्यायला हवा, कारण विदूषक इथे कामाचा नाही. लागतो तो असा नट, ज्याच्याकडे पाहून बँकेत खाते उघडावेसे वाटेल. ईलिंगच्याच ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१) मध्ये गिनेस यांनी सोन्याच्या लगडींची ने-आण करणारा, वर्षानुवर्षे प्रामाणिक राहिलेला कारकून उभा केला, जो एके दिवशी ते सोनेच लांबवायचे ठरवतो आणि आयफेल टॉवरच्या खेळण्यांच्या रूपात परदेशी धाडतो. अशोक सराफ यांनी अभिनयाच्या जोडीने स्टेट बँकेत खरीखुरी नोकरी केली, हा योगायोग असेल. पण खुर्चीत बसून कागद तपासणाऱ्या माणसाचे ते भान त्यांच्या थापांना भक्कम पाया देते, असे मला वाटते. ‘धूमधडाका’त (१९८५) ते बडे उद्योगपती यदुनाथ जवळकर बनून शरद तळवलकरांसमोर बसतात. त्यांचा तो प्रसिद्ध ठसका आज नकला करणारे दर दोन मिनिटांनी काढतात. पडद्यावर त्याला काम नेमून दिलेले आहे: थाप अडखळू लागली की ठसका येतो आणि तेवढ्यात पुढची थाप तयार होते. समोर तळवलकर आहेत म्हणून हे जमते. सभ्य, किंचित गोंधळलेला, मोठेपणाला भुलणारा यजमान त्यांच्याइतक्या सहजतेने फार थोड्यांनी केला. फसवणाऱ्यांची नावे आपल्या ओठांवर असतात, फसणाऱ्यांची नसतात. सुधीर जोशी, शरद तळवलकर, नयनतारा यांच्यावर अजून कोणी नीट लिहिलेले नाही. तिकडे मिसेस विल्बरफोर्स साकारणाऱ्या केटी जॉन्सन यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

बेर्डे यांची जागा वेगळी. सराफ थाप मारतात तेव्हा त्यांचा स्वतःचा तिच्यावर विश्वास बसलेला दिसतो. बेर्डे थाप मारतात तेव्हा ती आता फुटणार, हे त्यांच्या डोळ्यांत आधी दिसते. एक थाप उभारतो आणि दुसरा ती कोसळण्याची टांगती तलवार घेऊन फिरतो, म्हणून ही जोडी जमली. त्यांच्या आधीची वंशावळ पाहायची तर ‘ब्रँडीची बाटली’पर्यंत (१९३९) जावे. मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन, अत्र्यांची लेखणी आणि तिरळ्या डोळ्यांचे दामूअण्णा मालवणकर. याच वर्षी मुंबईत दारूबंदी लागू झाली. दामूअण्णांचा पापभीरू बगाराम ब्रँडीच्या शोधात भलत्याच ठिकाणी जाऊन भलत्याच अदबीने चौकशी करतो. चाळीस वर्षांनंतरचे सगळे सभ्य गुन्हेगार त्याचे वारस आहेत. मधल्या काळातले राजा गोसावी यांच्याविषयी सांगतात, की ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) पुण्याच्या भानुविलासमध्ये लागला तेव्हा ते त्याच थिएटरच्या खिडकीत तिकिटे विकत होते. पडद्यावरचा नायक आणि खिडकीतला नोकर एकच असणे ज्या शहरात खपून गेले, तिथे सोंगाचे कौतुक आणि सोंगाची सवय दोन्ही मुरलेली असणार.

पोलिसांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या सबनीसांच्याच वगापासून कोतवाल आणि हवालदार ही आपली हक्काची गिऱ्हाइके आहेत. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) दादा कोंडके आणि अशोक सराफ यांनी भोळा हवालदार आणि लाचखाऊ हवालदार शेजारी-शेजारी उभे केले. इंग्रजी चित्रपटातला पोलीस सज्जन असतो, म्हणूनच ‘द लेडीकिलर्स’च्या शेवटी तो म्हातारीच्या खऱ्या कबुलीवर प्रेमळपणे विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे पोलीस आधीच हास्यास्पद असल्यामुळे त्याच्याकडून पकडले जाण्याची धास्ती उरत नाही. विनोदाचे हे नुकसान आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो सहजासहजी झटकता येत नाही. फसवणुकीला हसताना आपण फसलेल्यांचे दुःख विसरतो का? ‘गंमत जंमत’मध्ये (१९८७) पैशांसाठी एका श्रीमंताच्या मुलीला पळवून नेले जाते, आणि अपहरण हळूहळू खेळीमेळीत विरघळते. आज तो चित्रपट पाहताना हसू मध्येच थबकते, आणि थबकायलाच हवे. मराठी चित्रपटाने गुन्हेगाराला नेहमी गरजेची सबब देऊन ठेवली: जागा नाही, पैसा नाही, नोकरी नाही. सबब दिली की माफी सोपी होते. ‘बनवाबनवी’त बळी (विजू खोटे) हा खरा गुंड आणून ठेवला आहे, त्याच्या शेजारी आपले चौघे आपोआप साळसूद ठरतात. ईलिंगने ही सवलत घेतली नाही. प्रोफेसर मार्कस आणि त्याचे साथीदार म्हातारीला मारायला निघतात आणि एकामागून एक स्वतःच मरतात. सरदारकीसाठी खून करणाऱ्या तरुणाचा थंडपणा शेवटपर्यंत थंडच राहतो. आपल्याकडे त्या थंडपणाच्या जवळ गेला तो एकटा लखोबा. त्याला ना गरजेची सबब, ना पश्चात्ताप. अत्र्यांनी सगळा खेळ न्यायालयात मांडला, त्यामुळे प्रेक्षक त्याच्या निर्ढावलेपणाला दाद देत असतानाच साक्षीच्या पिंजऱ्यात फसलेली बाई उभी असते. हसू आणि तिचा चेहरा एकाच वेळी सांभाळण्याची ही जोखीम पुढच्या पन्नास वर्षांत मराठी चित्रपटाने जवळजवळ घेतलीच नाही. म्हणून या प्रांतातले आपले सर्वोत्तम काम पडद्यावर नसून रंगमंचावर आहे, असे माझे मत आहे. पुढच्या काही लेखकांना ते मान्य नाही. त्यांनी त्यांची बाजू मांडली आहे.

गुन्हा गरजवंताकडून सरकारी कागदाकडे सरकला, तेव्हा मात्र चित्रपटाला नवी धार आली. ‘जाऊ तिथे खाऊ’मध्ये (२००७) मकरंद अनासपुरे यांचा नायक विहीर चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत देतो. कागदोपत्री विहीर खणलेली असते, शिक्के असतात, सह्या असतात. जमिनीत मात्र विहीर नसते. इथे सभ्य वेश कागदाने घेतला आहे, आणि खोटे बोलणाऱ्यांत कोणाला भूकही नाही. घरांची जुनी टंचाई पालटली, वाडे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, भाडेकरार अकरा महिन्यांचे झाले. तोतये मात्र संपलेले नाहीत. ते आता फोनवरून पोलीस अधिकारी किंवा बँकेचे साहेब बनून बोलतात, आणि लोक अजूनही समोरच्याच्या हुद्द्याचा मान राखून पैसे पाठवतात. यावर चांगला मराठी चित्रपट अजून यायचा आहे.

वाचकांना विनंती एकच. यातले बहुतेक चित्रपट आता मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहिले जातात, आणि तुकड्यात फक्त थाप मारणाराच दिसतो. लेख वाचण्याआधी निदान ‘बनवाबनवी’ आणि ‘द लेडीकिलर्स’ हे दोन चित्रपट पाठोपाठ, पूर्ण पाहावेत, आणि पाहताना ज्याला फसवले जात आहे त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नये.